नासपती कापायची नसते

ठेल्यावर धड नासपती एकच उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले.

एक हात कोंग युनशूचा. गेले अडीच महिने ती रोज सकाळी पावणेआठला झऱ्याकाठच्या क्वान मावशींच्या ठेल्यावर येऊन एक नासपती नेत होती. त्यामुळे ती शेवटची नासपती आपल्यासाठीच पिकली आहे, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. दुसरा हात पुरुषाचा, लांब बोटांचा, थंडीने लाल झालेला. आणि तो काही मागे जायचं लक्षण दिसेना.

"मी आधी धरलीय," युनशू म्हणाली.

"तुम्ही नासपती नाही धरलेली," तो शांतपणे म्हणाला. "माझा हात धरलाय. नासपती खाली आहे."

युनशूने पाहिलं. खरंच की! तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि तिचे कान तापले. क्वान मावशी तिच्या मदतीला धावल्या. म्हणाल्या, मास्तर, ही रोजचं गिऱ्हाईक आहे, तुम्ही आपलं दुसरं काही बघा. त्यावर हा माणूस खूश होऊन विचारतो काय, तर मी शिकवतो हे तुम्ही कसं ओळखलंत? मावशींना काही कळेना. जीनान शहरात बसचा ड्रायव्हर मास्तर, नळ दुरुस्त करणारा मास्तर, रस्ता विचारायचा असेल तर समोरचा कोणीही मास्तर. एवढंही ज्याला माहीत नाही, तो बाहेरचा, हे मावशींनी आणि युनशूने एकाच वेळी ओळखलं.

"भांडायचं कशाला?" तो म्हणाला. "निम्मी तुम्हाला, निम्मी मला."

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने खिशातून छोटी सुरी काढून नासपतीचे सरळ दोन भाग केले. एक अर्धुक युनशूपुढे धरलं.

"माझ्या ठेल्यावर नाही!" मावशी किंचाळल्या. "बत्तीस वर्षं संसार झालाय माझा!"

त्यांचंही बरोबरच होतं. तिथल्या भाषेत नासपतीला म्हणतात 'ली', आणि ताटातुटीलाही म्हणतात 'ली'. नासपती वाटून खाल्ली की ताटातूट वाटून घेतली. नवरा-बायको, मायलेकी, जिवाभावाच्या मैत्रिणी, कोणी म्हणून कोणाला नासपतीची फोड देत नाही. खायची तर एकाने अख्खी खायची. हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

तो मात्र हात पुढे करून तसाच उभा. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. त्याने मावशींकडे पाहिलं, नासपतीकडे पाहिलं, युनशूकडे जरा जास्तच वेळ पाहिलं... आणि माफी मागायची सोडून त्याने तिच्यासाठी धरलेलं अर्धुक स्वतःच्याच तोंडात कोंबलं. त्यावर दुसरं. बियांसकट. दोन्ही गाल फुगलेले, रस कोपरापर्यंत ओघळतोय, आणि हा बाबा उभ्या उभ्या सगळी नासपती चावून गिळतोय.

"गोड आहे," भरल्या तोंडाने एवढंच बोलून तो चालू लागला.

युनशूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशींनी निकाल देऊन टाकला की पहिल्याच भेटीत कापाकापी झाली, आता ह्याच्याशी तुझं काही जमायचं नाही. मला कुठे जमवायचंय, असं म्हणून युनशू तरातरा निघाली. त्या दिवशी तालमीला नासपतीच नव्हती.

तालीम म्हणजे सातझरे नृत्यमंडळीची. ही मंडळी बॅले करायची, पण गोष्टी आपल्या मातीतल्या सांगायची. पंजांवर उभं राहायचं ते पाश्चात्त्य पद्धतीने आणि रडायचं ते आपल्या पद्धतीने, असं मंडळीच्या संचालिका मोउ बाई म्हणत. मोउ बाई नावापुरत्याच मऊ होत्या. साठी उलटली तरी पाठीचा कणा सरळ, हातात सदानकदा चहाचा थर्मास, आणि त्यांनी थर्मासचं झाकण जोरात लावलं की नाचणारे आपसूक रांगेत उभे राहायचे. येत्या वसंतात मंडळी पहिल्यांदाच युरोपात जाणार होती, आठ शहरांत. ज्या प्रेक्षकांनी जन्मभर राजहंस आणि पऱ्या पाहिल्या, त्यांच्यासमोर कालव्यावरच्या नावाड्याची आणि निळीत कापड रंगवणाऱ्याच्या मुलीची गोष्ट नाचून दाखवायची होती.

त्या सकाळी मोउ बाईंनी सगळ्यांना गोळा करून एक पाहुणा पुढे आणला. नाव लुआन पेइसोंग. जन्म ह्याच प्रांतातला, यानताय बंदराचा. पण बारा वर्षांचा असताना बेल्जियमला बॅले शिकायला गेला तो तिथेच वीस वर्षं राहिला, नाचला, गुडघा दुखावून बसला आणि आता चौदा दिवसांसाठी मंडळीने त्याला बोलावलं होतं. त्याचं काम एकच. तालमीत बसायचं, आणि तिकडच्या प्रेक्षकाला जे कळणार नाही तिथे हात वर करायचा.

युनशूने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्याच्या बाहीवर नासपतीचा डाग अजून ओला होता.

तिच्या मैत्रिणींना मात्र त्याचं आडनाव फार आवडलं. लुआन! उच्चाराचा सूर जरासा चुकला की त्याचा अर्थ होतो गोंधळ. दुपारपर्यंत सगळी मंडळी सूर मुद्दाम चुकवून त्याला गोंधळ मास्तर म्हणू लागली, आणि तो बिचारा दर वेळी "हं" म्हणून मान हलवत होता.

हात वर करण्यात मात्र तो हयगय करत नव्हता. पहिल्या अंकात तीनदा, दुसऱ्यात पाचदा. आणि मग आला नासपतीचा प्रवेश.

हा प्रवेश युनशूचा होता. नऊ वर्षं ती मोउ बाईंची सहायक होती. दुसऱ्यांच्या पावलांना ताल मोजून देणं, याद्या लिहिणं, बाईंच्या थर्मासात पाणी भरणं, ह्यात तिची नऊ वर्षं गेली. ह्या खेपेला प्रथमच बाईंनी तिला स्वतः बसवायला चार मिनिटं दिली होती. नावाडी निघालाय, घाटावर नीळवाल्याची मुलगी आलीय, दोघं बोलत नाहीत. तो नासपती कापतो, अर्धी तिला देतो, ती घेते, दोघं एकेक घास खातात आणि पाठ फिरवतात. बस्स. जीनानच्या प्रेक्षकांसमोर नमुना म्हणून केला तेव्हा सुरी दिसताच नाट्यगृहात रुमाल निघाले होते. कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरांत एक ओळ छापली जाणार होती, 'नासपतीचा प्रवेश: कोंग युनशू'. ती ओळ युनशूने आईला फोनवर तीनदा वाचून दाखवली होती.

पेइसोंगने हात वर केला. तो वरच राहिला.

"काय कळलं नाही?" युनशूने विचारलं.

"मला कळलं," तो म्हणाला. "त्यांना नाही कळणार. त्यांना वाटेल, प्रवासाला निघण्याआधी दोघांनी फळ खाल्लं. चांगली सवय आहे."

सगळे हसले. युनशूला हसावं की रडावं कळेना. मोउ बाईंनी झाकण लावलं आणि निर्णय सांगितला. बाराव्या दिवशी बेल्जियमच्या गेंट शहराहून लीस्बेत बाई तालीम बघायला येणार. आठही शहरांचा दौरा त्यांच्याच हातात. त्या दिवसापर्यंत हा प्रवेश शब्दांवाचून परक्या माणसाला कळला तर राहील, नाहीतर गाळायचा. युनशू आणि लुआन मास्तर, दोघांनी मिळून रोज दुपारी छोट्या दालनात बसून तो सुधारायचा.

"ह्यांच्याबरोबर?" युनशूच्या तोंडून निघून गेलं.

"मी नासपती खाणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "वचन देतो."

तर असे ते कामाला लागले. पहिल्या दुपारी युनशूने सुचवलं की नासपती कापताच मोठा नगारा वाजवू. पेइसोंगने हात वर केला. म्हणे, फळाला इतकं महत्त्व दिलं की तिकडच्या लोकांना वाटतं त्यात विष आहे, आता कोणीतरी धाडकन पडणार. दुसऱ्या दिवशी तिने मुलीला कापण्याआधीच रडायला लावलं. हात वर. म्हणे, कांदा असता तर समजलं असतं. तिसऱ्या दिवशी मंडळीच्या सुतारमास्तरांनी हौसेने भोपळ्याएवढी लाकडी नासपती बनवून आणली. तिला पितळी बिजागऱ्या, उघडली की दोन भाग. नावाड्याचं काम करणाऱ्या मुलाने ती उचलली मात्र, आणि त्याच्या कमरेत जी उसण भरली ती भरलीच.

"आता तिकडच्यांना नक्की कळेल," पेइसोंग म्हणाला, "की नासपती वाईट असते."

युनशू रागावायची म्हणून तोंड फिरवून बसली खरी, पण तिचे खांदे हलत होते. त्याला ते आरशात दिसलं.

चौथ्या दिवशी सकाळी तिने त्याला कोपऱ्यावरच्या न्याहारीच्या दुकानात बसलेलं पाहिलं. समोर वाडगा, आणि चेहरा फसवणूक झालेल्या माणसाचा. त्याने पाटीवर 'गोड पेज' वाचून मागवली होती आणि ती निघाली खारट, वर मिरीचा ठसका. युनशू समोर बसली. तिने सांगितलं की जीनानची गोड पेज खारटच असते, कायमची. मग गोड का म्हणतात, असं त्याने विचारलं.  जन्मापासून खात आली होती, पण हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"बघा," तो म्हणाला, "तुमच्या नासपतीचं तसंच आहे. तुम्हाला इतकं ठाऊक आहे की तुम्ही सांगायचंच विसरलात."

हे तिला लागलं. आणि लागलं ते पटलं म्हणून. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी भांडणं थोडं कमी केलं. अगदीच सोडलं नाही, कारण त्यात मजा येऊ लागली होती.

नावाड्याचं काम करणारा मुलगा कमरेला पट्टा बांधून घरी पडलेला. त्यामुळे दुपारी नावाडी व्हायचा पेइसोंग आणि मुलगी व्हायची युनशू. त्याचा गुडघा उड्यांना नकार द्यायचा, पण ह्या प्रवेशात उड्या नव्हत्याच. फक्त चालत यायचं, थांबायचं, बघायचं. बघायचं... इथेच सगळी पंचाईत. तो बघायचा तेव्हा युनशू ताल विसरायची. नऊ वर्षांत जिचा एक ठेका चुकला नव्हता, ती पाचानंतर थेट आठ म्हणायची. तो हात वर करून विचारायचा, सहा आणि सात कुठे गेले? ती म्हणायची, तुमच्याकडच्या लोकांना तेही कळले नसते.

सातव्या दिवशी कापायच्या वेळी त्याने हातातल्या फळाकडे पाहिलं.

"हे सफरचंद आहे."

"नासपती मिळाली नाही," युनशू म्हणाली.

आठव्या दिवशीही सफरचंद. नवव्या दिवशीही. क्वान मावशींकडे नासपतीचा दुष्काळ पडलाय, असं युनशूने तोंड वर करून सांगितलं. दहाव्या दिवशी रुमाल काढताना तिची पिशवी कलंडली आणि चार नासपती दालनभर घरंगळल्या. एक तर थेट त्याच्या पायाशी जाऊन थांबली.

युनशूला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्याने वाकून ती उचलली, बाहीला पुसली आणि तिच्या पिशवीत ठेवली. मग सफरचंद कापलं. "चला, घाटावर," एवढंच म्हणाला. पण त्या दुपारी त्याच्याकडूनही सहा आणि सात चुकले.

खरं सांगायचं तर त्या रात्री युनशूने स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. अगं, तो चौदा दिवसांचा पाहुणा. त्याचं परतीचं तिकीट रविवारचं आहे, हे बाईंच्या टेबलावरच्या यादीत तू स्वतःच्या हाताने लिहिलंयस. आणि तुला प्रेमात पडायला तोच सापडला! त्यातून पहिल्याच भेटीत त्याने नासपती कापलेली. ह्याहून स्पष्ट निरोप कोण धाडणार? मुकाट्याने प्रवेश वाचव. तो तेवढा तुझा आहे.

पण प्रवेश वाचवायचा कसा, हे बाराव्या दिवसाच्या सकाळपर्यंत दोघांनाही सुचलं नाही.

लीस्बेत बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, गळ्यात चष्मा आणि हातात वही. त्यांची भाषा समजणारा मंडळीत एकटा पेइसोंग, म्हणून दिवसभर तो त्यांच्या शेजारी बसून दुभाष्याचं काम करत होता. पहिला अंक झाला. बाईंनी वहीत काहीतरी खूण केली. दुसरा अंक निम्मा झाला, आणि मोउ बाईंनी युनशूला खूण केली. नावाड्याचं काम करणारा मुलगा अजून वाकडा चालतोय, बदललेली पावलं फक्त तुम्हा दोघांना माहीत आहेत, तेव्हा उभे राहा दोघं. तुझा प्रवेश आहे, तूच राखून दाखव.

त्या दिवशी सफरचंद नव्हतं. खरी नासपती होती, लायांग भागातली, डागाळलेल्या सालीची.

संगीत सुरू झालं. तो चालत आला, थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग सुरी चालली आणि इतक्या शांततेत तो करकर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्याने अर्धुक पुढे केलं.

युनशूचा हात उठलाच नाही.

पाच... सहा... सात... आठ. ह्या वेळी तिने एकूण एक ठेका मोजला आणि एकूण एक जाऊ दिला. कोपऱ्यात कोणीतरी हळूच "अगं घे ना" म्हणालं. तिला ऐकू आलं. पण घेतलं की संपलं, हे तिला हाताच्या बोटांपर्यंत ठाऊक होतं, आणि बोटंच ऐकेनात.

मग तिने काय करावं? तिने त्याचं मनगट धरलं आणि ते अर्धुक मागे ढकललं. त्याच्या दुसऱ्या हातातल्या अर्धुकाला नेऊन भिडवलं. दाबलं. जणू पुन्हा चिकटणार होतं! ते ओलं, रसाळ, निसटलं. त्याने पुन्हा पुढे केलं, कारण प्रवेशात तसंच होतं आणि तो शिस्तीचा माणूस. तिने पुन्हा ढकललं, पुन्हा जुळवलं, जरा तिरकं बसलं म्हणून फिरवून नीट बसवलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि तिथेच गप्प झालं. तिसऱ्या वेळी त्याने पुढे केलंच नाही. त्याने तिच्या हातांवर आपले हात ठेवले, आणि दोघं मिळून ती कापलेली नासपती घट्ट मिटून धरून उभी राहिली. संगीत संपलं तरी उभी राहिली. रस दोघांच्या मनगटांवरून खाली टपकत होता.

 मोउ बाईंच्या थर्मासचं झाकण त्यांच्या हातातच राहिलं होतं.

मग लीस्बेत बाईंनी चष्मा काढला, डोळे टिपले आणि काहीतरी विचारलं. सगळे पेइसोंगकडे बघू लागले. त्याचे हात अजून युनशूच्या हातांवर होते.

"त्या विचारताहेत," तो म्हणाला, "ती नासपती घेत का नाही?"

"कोण?"

"ती... नीळवाल्याची मुलगी."

सगळ्या मंडळीसमोर युनशूने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "सांगा त्यांना. तिला माहीत आहे, घेतली तर तो जाणार."

त्याने तिकडे तोंड करून दोन वाक्यं सांगितली. बाईंनी मान हलवली, आणखी काही बोलल्या.

"विचारताहेत," तो म्हणाला, "आणि नाही घेतली तर? मग तो राहावा असं तिला वाटतं का?"

हा काय प्रश्न झाला! युनशूच्या मनात आलं, ह्या परदेशी बाईला इतक्या चौकशा कशाला? पण आता तोंड उघडलंच होतं.

"वाटतं," ती म्हणाली. "फार वाटतं. पण तिकीट त्याच्याकडे आहे. तो राहतो का, हे त्यालाच विचारा म्हणावं."

ह्याचं भाषांतर झालंच नाही.  मोउ बाई म्हणाल्या, "काय झालं, लुआन मास्तर? कळलं नाही का? हात वर करा की."

"कळलं," तो म्हणाला. बारा दिवसांत हात वर न करता हा शब्द त्याच्या तोंडून प्रथमच आला होता.

प्रवेश राहिला. लीस्बेत बाईंनी वहीत त्या प्रवेशापुढे पसंतीच्या दोन रेघा ओढल्या, मोउ बाईंनी युनशूला जवळ बोलावून फक्त म्हटलं, तुझी ती ओळ छापायची, आणि पाठीवर हात ठेवला. नऊ वर्षांतला पहिला. युनशूने प्रसाधनगृहात जाऊन पोटभर रडून घेतलं, आईला फोन करून ती ओळ चौथ्यांदा वाचून दाखवली. पण पेइसोंग? त्याला लीस्बेत बाईंनी जेवायला नेलं, मग दुसऱ्या दिवशी सरोवर बघायला नेलं, मग करारावर सह्या, मग त्यांना विमानतळावर पोचवणं. दोन दिवस तो तिच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. कळलं म्हणाला, आणि गप्प! म्हणजे काय कळलं? युनशूला स्वतःचाच संताप आला. भर दालनात आपण काय बोलून बसलो, ह्या आठवणीने ती चालता चालता डोळे मिटून घ्यायची.

रविवार उजाडला. तालीम नव्हती, नासपती लागणार नव्हती. तरी पावणेआठला पाय आपसूक झऱ्याकडे वळले. विलोच्या झाडांच्या पानांचा पिवळा सडा पडला होता, आणि झऱ्यावर नेहमीसारखी पाणी भरणाऱ्यांची रांग. रांगेत तिसऱ्या नंबरवर, हातात प्लास्टिकचा नवाकोरा डबा घेऊन, लुआन पेइसोंग.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"विमानात पाणी देतात," ती म्हणाली.

"हे चहाला आहे."

"कुठल्या चहाला?"

"उद्याच्या," तो म्हणाला. "परवाच्याही. दहा लिटरचा डबा आहे."

 मागची आजीबाई म्हणाली, मास्तर, पुढे सरका, प्रेमबीम नंतर करा. तो पुढे सरकला. सरकता सरकता त्याने सांगितलं की मोउ बाईंनी दौरा संपेपर्यंत ठेवून घेतलंय, पुढचंही बोलणं झालंय, शुक्रवारीच सांगणार होतो, पण लीस्बेत बाई सोडेनात. आणि एक गोष्ट कबूल करायची होती, त्यासाठी जरा धीर लागत होता.

"कसली?"

"त्या बाईंनी ते विचारलंच नव्हतं. प्रवेश त्यांना केव्हाच कळला होता, त्या रडत होत्या. त्या विचारत होत्या की गेंटमध्ये लायांगची नासपती मिळत नाही, तर दुसरी जात चालेल का."

"आणि दुसरा प्रश्न?"

"एका प्रयोगाला किती लागतील."

युनशूने आ वासला. मग तिने त्याच्या दंडावर एक चापट दिली, आणि ती चांगली जोरात बसली. चौदा दिवसांचं 'तुम्ही' त्या चापटीबरोबर उडून गेलं.

"सगळ्यांसमोर बोलायला लावलंस मला!"

"मला एकट्यात विचारायची हिंमत नव्हती," तो म्हणाला. "तिथे निदान भाषांतर करत होतो."

ती हसली, आणि हसता हसता थांबली. मनातला काटा अजून निघाला नव्हता. तिने ठेल्याकडे पाहिलं. क्वान मावशी मान लांब करून ऐकत होत्या.

"पण पहिल्याच दिवशी तू नासपती कापलीस, पेइसोंग. ते कसं पुसायचं?"

"कापली," तो म्हणाला. "वाटली कुठे?"

"म्हणजे?"

"मावशी ओरडल्या आणि एकदम आई आठवली. ती कधी कापून देत नसे. मला अख्खी द्यायची, स्वतः नुसती बघत बसायची. वीस वर्षं विसरलो होतो. समोर पाहिलं तर तू, कान लाल झालेली, आणि माझ्या हातात तुझं अर्धुक. म्हटलं, हिच्याशी वाटणी नको व्हायला. म्हणून दोन्ही मीच खाल्ली. बियांसकट. दुपारभर पोट दुखत होतं."

युनशू बघतच राहिली. आणि आपण ह्याला दोन आठवडे अधाशी म्हणत होतो!

"ओळखसुद्धा नव्हती आपली," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणूनच घाई केली."

क्वान मावशींना आता राहवेना. त्यांनी ठेल्याखालून एक टपोरी नासपती काढली आणि सुरी मात्र उचलून गल्ल्यात टाकली. पेइसोंगने ती घेऊन युनशूच्या हातात दिली, अख्खी, आणि स्वतः आईसारखा बघत उभा राहिला. तिने एक घास घेतला. मग न राहवून त्याच्यापुढे धरली. ह्यावर रांगेत वाद सुरू झाला. आजीबाई म्हणाली, एकाच नासपतीचे घास म्हणजे वाटणीच ती. तिच्या मागचा म्हातारा म्हणाला, सालपट तुटलं नाही तर चालतं. शेवटी मावशींनी कंबरेवर हात ठेवून निकाल दिला की सुरी लागली नाही, तर वाटणी नाही. बत्तीस वर्षं संसार झालेल्या बाईपुढे कोण बोलणार?

पेइसोंगने घास घेतला. डबा भरून वाहू लागला होता, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. युनशूच्या मनगटावरून रस कोपरापर्यंत ओघळला, पण तो पुसायला तिला हात मोकळा नव्हता. एका हातात नासपती होती आणि दुसरा त्याने धरला होता.